सेवामंडळाची सभा व तिचे पाहुणे

आपल्यापैकीं पुष्कळांनीं गांवाच्या वेशीवर, एखाद्या पाणपोईवर किंवा रक्तदानाच्या फलकावर एका चक्राचें चिन्ह पाहिलें असेल. ह्या चक्रास सहा आरे व चोवीस दांते असतात. तें चिन्ह रोटरी क्लब ह्या संस्थेचें होय. कोणी म्हणतें, ही सुखवस्तु लोकांची जेवणाची मंडळी. कोणी म्हणतें, ही मोठी परोपकारी संस्था. हीं दोन मतें ऐकून मुलांचा गोंधळ उडतो, आणि पालकांसही कित्येकदां नीट उत्तर देतां येत नाहीं. म्हणून अशा सेवामंडळांचें काम कसें चालतें, तेथें पाहुण्यांस बोलावून त्यांचीं भाषणें कां ऐकितात, आणि त्या ऐकण्यांतून लोकांच्या पदरीं कांहीं पडतें कीं नाहीं, ह्याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ह्या संस्थेचा उगम पाहूं. अमेरिकेंतील शिकागो शहरीं पॉल हॅरिस नांवाचा एक वकील राहत असे. त्याचें बालपण लहानशा गांवांत गेलें होतें. गांवांत प्रत्येकजण दुसऱ्यास ओळखतो. उलट शहरांत भिंतीला भिंत लागून असतांही शेजाऱ्याची शेजाऱ्यास ओळख नसते, ही गोष्ट त्याच्या मनास लागून राहिली. ता. २३ फेब्रुवारी १९०५ रोजीं त्यानें आपल्या तिघां स्नेह्यांस एकत्र जमविलें. त्यांत एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनियर व एक कपडे शिवून विकणारा व्यापारी होता. ही मंडळी पाळीपाळीनें एकेकाच्या कचेरींत जमत असे. सभेची जागा अशी चक्रासारखी फिरती असल्यामुळें 'रोटरी' हें नांव पडलें. आरंभीं त्यांचा हेतु परस्परांचा स्नेह वाढवावा व एकमेकांच्या धंद्यास हातभार लावावा, एवढाच होता, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु केवळ आपसांतल्या लाभावर जमलेली मंडळी फार दिवस टिकत नाहीं, हें त्यांस लवकरच कळून आलें. १९०७ सालीं शिकागोंत सार्वजनिक शौचगृहें व्हावीं म्हणून ह्या मंडळानें खटपट केली, व तेंच त्याचें पहिलें लोकोपयोगी कार्य ठरलें. ज्या संस्थेचा आज जगभर नांवलौकिक आहे, तिची सेवा शौचगृहांपासून सुरू झाली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. आपल्या देशांत पहिला रोटरी क्लब १९१९ सालीं कलकत्ता येथें निघाला. मुंबईस तो १९२९ सालीं स्थापन झाला.

आतां सभेकडे वळूं. निरनिराळ्या धंद्यांतील माणसें एकत्र यावीं, हें ह्या मंडळाचें मूळ तत्त्व होय. पूर्वीं एका धंद्याचा एकच सभासद घ्यावा असा दंडक होता. पुढें तो शिथिल झाला. तथापि डॉक्टर, वकील, शिक्षक, दुकानदार, कारखानदार, बांधकाम करणारे अशी मिश्र मंडळी एका टेबलाभोंवतीं बसावी हा कटाक्ष कायम आहे. सभा दर आठवड्यास भरविण्याची रीत होती. २०१६ सालापासून महिन्यांतून निदान दोन सभा भरविल्या तरी चालतें. अध्यक्ष घंटा वाजवून सभेस आरंभ करितात. मागील कामाचा वृत्तांत वाचला जातो, पुढील कामें नेमून दिलीं जातात, आणि मग पाहुण्यांचें भाषण होतें. भाषण बहुधा वीस-पंचवीस मिनिटांचें असतें. त्यानंतर श्रोते प्रश्न विचारितात, एक सभासद आभार मानितो, व ठरल्या वेळीं पुन्हां घंटा वाजून सभा संपते. वेळेवर आरंभ व वेळेवर शेवट, हा ह्या सभांचा एक गुण आपल्या पुष्कळ सार्वजनिक समारंभांनीं उचलण्यासारखा आहे.

कोणी विचारील कीं, सेवाच करावयाची तर पाहुण्यांच्या भाषणाची उठाठेव कशाला? एक उदाहरण घेऊं. समजा, एखाद्या सभेस डोळ्यांचे डॉक्टर पाहुणे म्हणून आले. त्यांनीं सांगितलें कीं, आपल्या भोंवतालच्या खेड्यांत कित्येक म्हाताऱ्या माणसांची दृष्टि केवळ मोतीबिंदूनें गेलेली आहे. शस्त्रक्रिया लहानशी आहे व ती यशस्वी होते. अडचण एवढीच कीं, त्या माणसांस इस्पितळापर्यंत आणणार कोण, आणि घरीं परत पोंचविणार कोण? हें ऐकतांच मोटारीचा धंदा करणारा सभासद म्हणतो, गाडी मी देतों. औषधविक्रेता म्हणतो, औषधें माझ्याकडून. शिक्षक म्हणतो, गांवोगांवचीं नांवें मी मिळवितों. अशा रीतीनें जें काम एकट्या डॉक्टरच्या हातून झालें नसतें, तें चौघांच्या मेळानें होतें. पाहुणा गरज दाखवितो, आणि श्रोत्यांपैकीं प्रत्येकजण आपापल्या धंद्यांतील कसब तिच्या पायीं घालतो. सेवामंडळाचें मर्म आमच्या मतें एवढेंच आहे. पैसा देणारे पुष्कळ असतात. आपलें कसब व आपला वेळ देणारे थोडे.

पाहुणा सभासदांच्या मतांशीं जुळणारा असावा असेंही नाहीं. ऑगस्ट १९२५ मध्यें महात्मा गांधींनीं कलकत्त्याच्या रोटरी क्लबापुढें चरख्याविषयीं भाषण केलें. विलायती कापडाची मोठी पेठ असलेल्या त्या शहरांत व्यापारी मंडळींसमोर चरख्याची बाजू मांडावयाची, व त्या मंडळींनीं ती ऐकून घ्यावयाची, ही दोन्ही पक्षांस भूषणावह गोष्ट होय. जें आपणांस रुचतें तेंच ऐकावयाचें असेल, तर पाहुणा बोलाविण्याचें कारणच काय?

एका भाषणानें केवढें कार्य उभें राहतें ह्याचें दुसरें उदाहरण त्याच सालचें आहे. लायन्स क्लब म्हणून रोटरीसारखीच एक सेवासंस्था १९१७ सालीं अमेरिकेंत निघाली. १९२५ सालीं ओहायओ प्रांतांत सीडर पॉइंट येथें तिचें वार्षिक अधिवेशन भरलें असतां हेलन केलर ह्या विदुषीस भाषणासाठीं बोलाविलें होतें. ह्या बाईंची दृष्टि व श्रवणशक्ति त्या दोन वर्षांच्या होण्यापूर्वींच आजारानें गेली होती. तरीही त्यांनीं विद्यापीठाची पदवी मिळविली होती. त्यांनीं सभेस विनविलें कीं, जें अंधत्व टाळतां येण्यासारखें आहे तें टाळण्याचें, आणि जें टळत नाहीं त्याच्यांत सांपडलेल्यांस शिक्षण व आधार देण्याचें काम तुम्ही अंगावर घ्या. श्रोत्यांनीं टाळ्या वाजविल्या, पण टाळ्यांवरच थांबले नाहींत. तेव्हांपासून नेत्रसेवा हें त्या संस्थेचें मुख्य व्रत झालें आहे. पुढें १९३० सालीं पिओरिया ह्या गांवच्या लायन्स क्लबाचे अध्यक्ष जॉर्ज बॉनहॅम ह्यांनीं एक अंध मनुष्य रस्ता ओलांडण्याच्या खटपटींत असलेला पाहिला. त्याच्या हातीं काळी काठी होती, व ती गाडीवाल्यांच्या नजरेस येत नव्हती. काठीस पांढरा रंग द्यावा ही साधी कल्पना बॉनहॅम ह्यांस सुचली. मंडळानें ती उचलली, व पांढरी काठी धरणाऱ्यास रस्त्यानें वाट द्यावी असा नियम त्या गांवीं त्याच वर्षीं झाला. थोडा रंग आणि थोडें लक्ष, एवढ्या भांडवलावर हें काम झालें. आज पांढरी काठी जगभर अंधांची खूण म्हणून ओळखली जाते.

आतां लहान कामें जुळत जुळत केवढीं होतात तें पाहूं. रोटरीच्या दाननिधीची कल्पना आर्च क्लंफ ह्यांनीं १९१७ सालीं मांडली. त्या निधीस मिळालेली पहिली देणगी साडेसव्वीस डॉलरांची होती. १९७९ सालीं ह्याच संस्थेनें फिलिपाईन्स बेटांतील साठ लाख मुलांस पोलिओची लस देण्याचें काम हातीं घेतलें. तें साधतांच १९८५ सालीं सर्व जगांतून पोलिओ घालविण्याचा संकल्प सोडला, व बारा कोटी डॉलर जमविण्याचें ठरविलें. १९८८ पर्यंत त्याच्या दुपटीहून अधिक रक्कम जमली. त्या सालीं जगांतील १२५ देशांत ह्या रोगाचा वावर होता, व वर्षाकाठीं सुमारें साडेतीन लाख जणांस तो पंगु करीत असे असा अंदाज आहे.

आपल्या देशांत १९९५ पासून पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. त्या रविवारीं बूथ मांडले जात. पांच वर्षांखालील प्रत्येक बालकाच्या तोंडांत दोन थेंब घालून त्याच्या करंगळीस शाईची खूण करीत. आणि जीं मुलें बूथवर आलीं नाहींत त्यांच्यासाठीं पुढील दिवसांत घरोघर फिरत. लस उष्णतेनें बिघडते, म्हणून ती बर्फाच्या पेटींतून शेवटच्या वाडीपर्यंत न्यावी लागे. ह्या कामाचा मुख्य भार सरकारी आरोग्यखात्यानें, परिचारिकांनीं व अंगणवाडीच्या सेविकांनीं वाहिला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांचेंही साह्य होतें. आणि सेवामंडळांचे सभासद त्यांच्या जोडीला बूथवर बसले. सर्व श्रेय एकाच संस्थेस देणें न्यायाचें होणार नाहीं. ता. १३ जानेवारी २०११ रोजीं हावडा जिल्ह्यांतील एका बालिकेस झालेला पोलिओ हा भारतांतील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला, व ता. २७ मार्च २०१४ रोजीं आपला देश पोलिओमुक्त असल्याचें प्रमाणपत्र मिळालें. आमच्या पिढीच्या वर्गांत पायाला लोखंडी पट्ट्या बांधून येणारा एखादा सोबती असेच. आजच्या मुलांच्या वर्गांत तो दिसत नाहीं, ह्याहून सेवेचा मोठा पुरावा कोणता? तथापि पाकिस्तान व अफगाणिस्तान ह्या देशांतून हा रोग अद्यापि समूळ गेलेला नाहीं, म्हणून आपल्याकडेही लस देण्यांत हयगय करून चालणार नाहीं, हें पालकांनीं लक्षांत ठेवावें.

ह्या मंडळांत दोष नाहींत असें नाहीं. रोटरीनें कित्येक दशकें स्त्रियांस सभासदत्व नाकारिलें होतें. कॅलिफोर्नियांतील दुआर्टे येथील क्लबानें स्त्रियांस घेतलें म्हणून त्यासच संस्थेबाहेर काढण्यांत आलें. शेवटीं १९८७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, आणि १९८९ सालीं संस्थेनें आपली घटना बदलून स्त्रियांस सर्वत्र दार उघडलें. जी संस्था इतरांस सेवेचा धडा देते तिलाही कधीं कधीं असा धडा घ्यावा लागतो. दुसरा दोष आपल्याकडे नित्य दिसतो. हार, शाल, श्रीफळ, छायाचित्र, उत्तम फराळ, पाहुण्यांची स्तुति, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत चार ओळी, एवढ्यावर कित्येक सभा संपतात. दहा वह्या वांटावयास वीस माणसें फळ्यासमोर उभीं राहतात, आणि ज्या मुलास वही मिळाली त्याचें नांवही कोणी विचारीत नाहीं. अशा प्रसंगीं घेणाऱ्यास देणाऱ्यापुढें लाज वाटते. ज्या सेवेनें दुसऱ्याची मान खालीं जाते, तिला आम्ही सेवा म्हणण्यास तयार नाहीं.

तर मग खरें मंडळ व दिखाऊ मंडळ ह्यांतील भेद ओळखावा कसा? आमची कसोटी सोपी आहे. पाहुणे गेल्यानंतर आठ दिवसांनीं काय झालें, एवढेंच विचारावें. कोणी त्यांचा पत्ता टिपून घेतला काय? कोणी त्यांनीं सांगितलेल्या वस्तींत जाऊन आलें काय? पुढच्या सभेंत त्या कामाचा वृत्तांत आला काय? उत्तर होकारार्थी असेल तर ती सभा सार्थ झाली. नसेल तर चांगलें जेवण झालें, इतकेंच.

आतां हा विषय शाळेच्या मासिकांत कां, हेंही सांगतों. बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठीं रोटरीनें १९६२ सालीं इंटरॅक्ट नांवाचीं मंडळें सुरू केलीं. त्यांनीं वर्षांत निदान दोन कामें करावयाचीं असतात: एक आपल्या शाळेच्या किंवा गांवाच्या उपयोगाचें, व दुसरें देशादेशांतील लोकांची परस्परांस ओळख करून देणारें. परंतु असें मंडळ नसलें तरी कांहीं अडत नाहीं. आपल्या शाळेंतही पाहुणे येतात. त्या वेळीं मागच्या बांकांवर कुजबूज करण्यापेक्षां किंवा घंटेची वाट पाहण्यापेक्षां प्रत्येक विद्यार्थ्यानें एक कागद जवळ ठेवावा. पाहुण्यांनीं सांगितलेली एक गरज त्यावर लिहावी, आणि तिच्याखालीं आपल्यास करतां येईल असें एक काम लिहावें. कोणास चित्र काढतां येतें, त्यानें सूचनेचा फलक रंगवावा. कोणास चांगलें वाचतां येतें, त्यानें शेजारच्या आजोबांस वर्तमानपत्र वाचून दाखवावें. कोणास सायकल आहे, त्यानें औषध आणून द्यावें. पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मूल घरीं येऊन तो कागद दाखवील तेव्हां 'आधीं अभ्यास कर' असें म्हणून तो बाजूस सारूं नये. अभ्यास अवश्य व्हावा. पण आठवड्यांतील एक तास दुसऱ्याच्या उपयोगीं पडला म्हणून कोणाचे गुण घटल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

चौघां स्नेह्यांची एक लहानशी बैठक, साडेसव्वीस डॉलर, एका काठीवरचा पांढरा रंग, बालकाच्या जिभेवरचे दोन थेंब, ह्यांपैकीं कोणतीही गोष्ट मोठी नव्हती. त्या कोणी तरी नीट ऐकल्या, आणि ऐकून उठून कामास लागला, म्हणून मोठ्या झाल्या. पुढच्या वेळीं आपल्या सभागृहांत पाहुणे येतील तेव्हां टाळ्या अवश्य वाजवाव्या. मात्र आठ दिवसांनीं आपल्या कागदाकडे पुन्हां एकदां पाहावें, असें आमचें सर्व विद्यार्थ्यांस प्रेमाचें सांगणें आहे.