२५ पैकी ७ म्हणजे नक्की काय? छातीचा स्कॅन पुढचं किती सांगतो

एप्रिल २०२१. फॅमिली ग्रुपवर मामाचा एचआरसीटी रिपोर्ट आला. मामेभावाने फिल्म खिडकीच्या काचेला धरून मोबाईलवर फोटो काढला होता आणि रिपोर्टमधली एकच ओळ पेनाने गोल केली होती : स्कोअर ७/२५. घरातला 'इंजिनिअर' मी, त्यामुळे सगळ्यांनी मलाच विचारलं. मी दोन मिनिटं गुगल केलं आणि लिहून टाकलं, "८ च्या आत म्हणजे माइल्ड. काळजी नको." पटापट अंगठे आले. घरात ऑक्सिमीटर होता, पण आता कशाला सारखं बोट घालायचं, म्हणून तो टेबलावर पडून राहिला. पुढच्या तिसऱ्या रात्री मामाला धाप लागली. मोजलं तर ऑक्सिजन ८६. नाशिकमध्ये बेड शोधता शोधता पहाट झाली.

मामा वाचला, १९ दिवसांनी घरी आला. पण माझा तो मेसेज मी नंतर कितीतरी वेळा उघडून वाचलाय. रिपोर्टमधला आकडा चुकला नव्हता. त्यात जे नव्हतंच, ते मी त्यातून वाचलं होतं. नेमकं काय नव्हतं, ते आज सांगतो. कारण तेव्हा सीटीचे फोटो ग्रुपवर फिरायचे, आता तेच फोटो लोक चॅटबॉटला देतात आणि विचारतात, "पेशंट वाचेल ना?"

स्कोअर येतो कुठून

उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग असतात, डाव्याचे दोन. त्यांना लोब म्हणतात. प्रत्येक लोबचा किती भाग खराब दिसतोय ते रेडिऑलॉजिस्ट बघतो आणि ० ते ५ गुण देतो : ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर १, २५ टक्क्यांपर्यंत २, अर्ध्यापर्यंत ३, पाऊण भागापर्यंत ४, त्याच्या वर ५. पाच लोब, प्रत्येकी ५, झाले २५. बऱ्याच ठिकाणी हे काम नजरेच्या अंदाजाने होतं, त्यामुळे दोन डॉक्टरांच्या स्कोअरमध्ये एकदोन गुणांचा फरक पडू शकतो.

(त्याच रिपोर्टवर को-रॅड्स ५ असंही असायचं आणि लोक घाबरायचे. तो आकडा फक्त 'हा कोविड असण्याचा संशय किती' हे सांगतो. आजार किती गंभीर, याच्याशी त्याचा संबंध नाही.)

आता या स्कोअरमध्ये दिवस कुठेच नाही, हे लक्षात आलं का? वुहानमध्ये २०२०च्या सुरुवातीला बऱ्या झालेल्या २१ पेशंटचे सीटी ओळीने तपासले, तेव्हा फुफ्फुसातला बिघाड लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण दहाव्या दिवशी सगळ्यात जास्त दिसला. मामाचा स्कॅन चौथ्या दिवशीचा होता. चौथ्या ओव्हरचा स्कोअर बघून मी मॅचचा निकाल सांगून मोकळा झालो होतो.

दुसरं म्हणजे दाटपणा. फुफ्फुसाचा भाग आरशावर वाफ धरल्यासारखा पुसट झालाय, की पूर्ण भरून पांढरा पडलाय, यात खूप फरक आहे. २५ चा स्कोअर बघतो फक्त पसारा. आयसीयूतल्या, म्हणजे एआरडीएस झालेल्या पेशंटसाठी २०१८ मध्ये रेल नावाचा स्कोअर मांडला गेला. तो साध्या एक्स-रेवर चालतो. छातीचे चार चौकोन करायचे, प्रत्येकात पसाऱ्याला ० ते ४ गुण आणि दाटपणाला १ ते ३, मग दोन्हींचा गुणाकार. एकूण ४८. हा स्कोअर जितका जास्त, तितकी वाचण्याची शक्यता कमी, असं त्या अभ्यासात दिसलं. एक्स-रेच का? कारण व्हेंटिलेटरवरच्या माणसाला सीटीच्या खोलीत नेणं हीच मोठी जोखीम असते, आणि पोर्टेबल एक्स-रे बेडवर काढता येतो.

आणि खिडकीवरच्या फोटोचं काय? सीटीच्या मूळ फाइलमधल्या प्रत्येक पिक्सेलला एक मोजलेली किंमत असते : हवा उणे १०००, पाणी ०, हाड कितीतरी वर. शेकडो पातळ काप असतात. फिल्मवर त्यातले थोडे छापले जातात, ठरलेल्या ब्राइटनेसला, आणि आपण त्याचा फोटो काढतो, ट्यूबलाइटच्या चमकेसकट. मग व्हॉट्सअ‍ॅप तो आणखी दाबतं. अशा फोटोतून काहीच कळत नाही असं नाही. २०२१ मध्ये बंगळुरूच्या आर्टपार्क आणि निरामय यांनी डॉक्टरांसाठी 'एक्सरेसेतू' काढलं होतं, ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले एक्स-रे वाचायचं. पण ते आत्ता बिघाड दिसतोय का, एवढंच सांगायचं. पेशंटचं पुढे काय होणार, हा प्रश्न वेगळा.

मशीन नक्की काय शिकतं

लॉकडाऊनमध्ये मीही एक मॉडेल बनवलं होतं. इंटरनेटवरून कोविडचे एक्स-रे घेतले, नॉर्मल एक्स-रे घेतले, लॅपटॉप रात्रभर चालवला. अ‍ॅक्युरसी नव्वदीच्या वर! लिंक्डइनवर पोस्टसुद्धा टाकली. नंतर कळलं की ते 'नॉर्मल' एक्स-रे चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या १ ते ५ वर्षांच्या मुलांचे होते आणि कोविडचे बहुतेक मोठ्या माणसांचे. म्हणजे माझं मॉडेल बहुधा लहान मूल आणि मोठा माणूस यांतला फरक शिकलं होतं. पोस्ट गुपचूप काढून टाकली.

मी एकटा नव्हतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशा २,२१२ शोधनिबंधांची छाननी केली. निकषांवर टिकले ६२. त्यांतलं एकही मॉडेल प्रत्यक्ष पेशंटसाठी वापरण्याजोगं नव्हतं. त्याच वर्षी युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनच्या टीमने दाखवलं की मॉडेल फुफ्फुसाऐवजी फिल्मच्या कोपऱ्यातली अक्षरं, खुणा बघूनही उत्तर देतात.

गंभीर पेशंटच्या बाबतीत ही चोरवाट जास्त घातक आहे. जो उभा राहू शकत नाही, त्याचा एक्स-रे झोपवून, पोर्टेबल मशीनवर निघतो. फिल्मवर तशी खूण असते, हृदयही जरा मोठं दिसतं. मॉडेल एवढंच शिकलं की 'पोर्टेबल म्हणजे सिरियस', तरी त्याचे मार्क चांगले येतात. पण पेशंट सिरियस आहे हे डॉक्टरांना आधीच माहीत असतं, म्हणून तर ते पोर्टेबल मशीन मागवतात!

नीट केलेलं काम कसं असतं? न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या टीमने ३,६६१ पेशंटच्या डेटावर मॉडेल शिकवलं. एक्स-रे आणि सोबत नाडी, ऑक्सिजन, रक्ताचे रिपोर्ट. प्रश्न नेमका होता : पुढच्या ९६ तासांत हा पेशंट बिघडेल का? एयूसी आला ०.७८६. याचा अर्थ असा : एक बिघडणारा आणि एक न बिघडणारा पेशंट समोर ठेवला, तर शंभरात साधारण ७९ वेळा मॉडेल बिघडणाऱ्यालाच जास्त धोक्याचा ठरवतं. उरलेल्या २१ वेळा उलटं. डॉक्टरांच्या हाताशी ही मदत चांगलीच आहे. पण काळजीत असलेल्या घराला यावरून 'हो' किंवा 'नाही' सांगता येत नाही.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते ब्रिटनच्या फोर-सी स्कोअरने. हॉस्पिटलात भरती झालेल्या कोविड पेशंटच्या मृत्यूचा धोका तो सांगतो, २१ पैकी गुण. त्यात वय, स्त्री की पुरुष, इतर आजार, श्वासाचा वेग, ऑक्सिजन, शुद्ध आणि रक्तातल्या दोन तपासण्या आहेत. फोटो एकही नाही, तरी अंदाज त्याच तोडीचा. आपल्याकडच्या एम्स आणि आयसीएमआरच्या एप्रिल २०२१च्या तक्त्यातही आजाराची पायरी ऑक्सिजन आणि श्वासाच्या वेगावरून ठरत होती. ऑक्सिजन ९३ किंवा कमी, अथवा श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त, की भरती. छातीचा सीटी फक्त प्रकृती बिघडत असेल तरच.

अजून एक गोष्ट कुठल्याच फिल्मवर येत नाही. त्या रात्री बेड मिळाला की नाही. मॉडेल जुन्या पेशंटचा शेवट बघून शिकतं, आणि तो शेवट फुफ्फुसाइतकाच ऑक्सिजनच्या टँकरवर, नर्सच्या संख्येवर ठरलेला असतो. न्यूयॉर्कमध्ये शिकलेलं मॉडेल एप्रिल २०२१च्या नाशिकमध्ये चाललं असतं का? तिथल्या डेटावर तपासल्याशिवाय मी तरी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

मागच्या महिन्यात मावशीच्या सासूबाईंना न्यूमोनिया झाला. मावसबहिणीने एक्स-रेचा फोटो आणि चॅटबॉटचं लांबलचक उत्तर पाठवलं. मी फोटो उघडलाच नाही. फोन करून म्हटलं, आजींच्या पोटावर हात ठेव, घड्याळ लाव आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोज. २८ आले. अर्ध्या तासात ते हॉस्पिटलात होते.