अंतराचा दाम की भाड्यातला वाटा?

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास दिल्लीच्या आझादपूर मंडईत नाशिकच्या द्राक्षांच्या पेट्या हटकून दृष्टीस पडतात. नाशिकहून दिल्ली सुमारे १३०० किलोमीटर. वेलीवरून उतरलेले नाजूक फळ एवढे अंतर तोडून टवटवीत स्थितीत बाजारात पोचते, याचे श्रेय आपण बागाइतदाराला देतो, व्यापाऱ्याला देतो, क्वचित रस्ते बांधणाऱ्यालाही देतो. परंतु रात्री जागून ती पेटी येथवर आणणाऱ्या मालमोटारीच्या चालकाला आपल्या श्रमाचा मोबदला कोणत्या हिशेबाने मिळतो, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज त्या हिशेबाविषयी थोडे बोलावयाचे आहे. कारण त्याचा संबंध केवळ चालकाच्या खिशाशी नाही, त्याच्या झोपेशी आहे, आणि म्हणून त्याच रस्त्याने जाणाऱ्या तुमच्या-आमच्या जिवाशीही आहे.

द्राक्षे, औषधे, एखाद्या कारखान्याचे अडलेले सुटे भाग, सणासुदीत घरपोच मागविलेल्या वस्तू, हा सारा तातडीचा माल होय. येथे माल पाठविणारा केवळ अंतर विकत घेत नाही, तो वेळ विकत घेतो. दिल्लीभोवती कुंडली, फरुखनगर, दादरी अशा ठिकाणी उभी राहिलेली विस्तीर्ण गोदामे याच व्यवहारावर चालतात. प्रश्न एवढाच, की वेळेच्या या किंमतीतला वाटा ती वेळ प्रत्यक्ष पाळणाऱ्याकडे पोचतो काय?

चालकाला मोबदला देण्याच्या रीती अनेक आहेत. महिन्याचा पगार आणि वर फेरीचा भत्ता ही जुनी रीत. कोठे डिझेल, टोल, जेवणखाण यांसाठी ठोक रक्कम हाती देतात आणि उरेल ते चालकाचे समजतात. परंतु तुलनेसाठी दोनच रीती घेऊ: एक, चाललेल्या दर किलोमीटरमागे ठरलेला दर, दुसरी, मिळालेल्या भाड्यात शेकडा ठरलेला वाटा.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. किलोमीटरला ६ रुपये दर धरला, तर नाशिक-दिल्ली खेपेचे ७८०० रुपये होतात. दुसऱ्या चालकाला भाड्याचा शेकडा १२ वाटा मिळतो आणि भाडे ६५,००० रुपये आहे, असे मानले तर त्याचेही ७८०० च होतात. येथवर दोघे समान. आता परतीचा माल घेऊ. दिल्लीहून परत जाताना भाडे ४०,००० रुपयांवरच तुटले, तर टक्केवारीच्या चालकाला ४८०० मिळतील. किलोमीटरच्या चालकाला मात्र पुन्हा ७८००. दोन्ही खेपा मिळून एकाचे १२,६०० आणि दुसऱ्याचे १५,६००. उलट, हंगाम ऐन भरात येऊन गाड्यांची टंचाई झाली आणि जातानाचे भाडे ९०,००० वर गेले, तर टक्केवारीचे १०,८०० होतात. परतीचे ४८०० मिळवले, की तेव्हा कोठे दोघे पुन्हा बरोबरीस येतात.

यावरून दोन्ही रीतींचा स्वभाव ध्यानी येतो. किलोमीटरच्या दरात बाजाराची चढउतार मालकाने सोसावयाची असते. गाडी सुटण्यापूर्वीच आपल्याला काय मिळणार, हे चालकाला ठाऊक असते. मात्र येथे विचारावयास हवे, की कोणते किलोमीटर? भरल्या गाडीचेच, की माल घेण्यासाठी रिकामी धावते तेव्हाचेही? वहीतल्या ठराविक अंतराचे, की वळसा घालून प्रत्यक्ष कापलेल्या अंतराचे? रिकामे किलोमीटर वगळले, की चांगला दिसणारा दर पाहता पाहता उतरतो.

टक्केवारीत चालक हा एका अर्थी धंद्यातला भागीदार ठरतो. अंतर थोडे पण भाडे भारी, अशा तातडीच्या खेपेत हीच रीत त्याला लाभते. परंतु ही भागीदारी एकांगी असते. भाडे ठरविताना त्याला कोणी विचारीत नाही. अर्धेलीने जमीन कसणाऱ्याला निदान खळ्यावरची रास डोळ्यांनी दिसते. टक्केवारीच्या चालकाला भाड्याचे खरे बिल क्वचितच पाहावयास मिळते. वाटा एकूण भाड्यावर, की दलाली वजा जाता उरलेल्या रकमेवर, हे आधी ठरले नसेल, तर शेकडा १२ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

परंतु, श्रोतेहो, या दोन्ही रीतींत एक समान उणीव आहे, आणि तीच सर्वांत महत्त्वाची होय. गाडी उभी असते तेव्हा किलोमीटर वाढत नाहीत आणि भाडेही वाढत नाही. दिल्लीच्या अनेक रस्त्यांवर अवजड मालमोटारींना दिवसा प्रवेश नसतो. फळे-भाज्यांसारख्या जिनसांना काही सवलत असते. इतर माल घेऊन सकाळी सीमेवर आलेल्या चालकाला रात्रीची वाट पाहत बसावे लागते. पुढे गोदामाच्या दाराशी रांग, उतरवणीचा खोळंबा, मग परतीच्या मालाची प्रतीक्षा. आपल्या उदाहरणातील २६०० किलोमीटर ताशी ४० च्या सरासरीने ६५ तासांचे काम आहे. फेरी ६ दिवसांत आटोपली, तर १५,६०० रुपयांचे रोजचे २६०० पडतात. ८ दिवस लागले, तर १९५०. खोळंब्याचे नुकसान असे मुकाट्याने चालकाच्या माथी येते. ते भरून काढण्यास त्याच्यापाशी एकच भांडवल असते, ते म्हणजे त्याची झोप. त्यात उशिराबद्दल कपात आणि लवकर पोचल्याबद्दल बक्षीस असेल, तर जागरणाला जणू उत्तेजनच मिळते.

कायद्याने या प्रश्नाकडे पाहिले नाही, असे नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी ती फार तर १० आणि ५४ पर्यंत वाढविता येई. परंतु थांब्यावर नुसते हजर राहण्याचा १५ मिनिटांहून कमी काळ तेवढा त्या कायद्याच्या व्याख्येने कामाच्या तासांत स्पष्टपणे धरला होता. शिवाय पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांनाच तो लागू होता. पुढे २०२० च्या संहितेत हा कायदा समाविष्ट करण्यात आला. युरोपीय संघाने २००६ च्या नियमांत वेगळी दिशा धरली: अंतरावर किंवा मालाच्या प्रमाणावर अवलंबून असलेला मोबदला रस्त्यावरील सुरक्षिततेला बाधक ठरत असेल, तर तो देता येणार नाही. २०२० साली त्यात माल पोचविण्याच्या वेगाचीही भर घालण्यात आली. मोबदल्याची रीत हाही सुरक्षिततेचा विषय आहे, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडेही एक लक्षणीय प्रयोग झाला. २०१४ साली गुरुग्राम येथे स्थापन झालेल्या रिव्हिगो या संस्थेने जुन्या डाकचौकीची आठवण करून देणारी व्यवस्था उभारली. एका चालकाने चार-पाच तास गाडी न्यावयाची, ठरलेल्या ठाण्यावर ती दुसऱ्याच्या हवाली करावयाची आणि दुसरी गाडी घेऊन त्याच दिवशी घरी परतावयाचे. माल थांबत नाही, पण माणूस झोपतो. त्या संस्थेचा शीघ्र मालवाहतुकीचा व्यवसाय २०२२ साली महिंद्र लॉजिस्टिक्सने घेतला. परंतु वेग आणि विश्रांती यांचे हाडवैर नाही, एवढे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

तात्पर्य, अंतराचा दाम बरा की भाड्यातला वाटा, याचे एकच उत्तर नाही. लांब आणि नियमित खेपांना पहिला, तर जवळच्या पण भारी भाड्याच्या खेपांना दुसरा सोयीचा. मात्र दोहोंच्या खाली वेळेच्या मोबदल्याचा पाया हवा. ठरावीक तासांपलीकडच्या खोळंब्याचे पैसे मालक माल पाठविणाऱ्याकडून मागत असेल, तर त्यातला वाटा चालकाला मिळावा. रिकामे किलोमीटर मोजले जावेत. भाड्याचे बिल त्याला पाहता यावे. यामुळे द्राक्षाची पेटी कदाचित थोडी महाग होईल. परंतु आज त्या पेटीची जी किंमत आपण देत नाही, ती रस्त्यावर कोणीतरी रात्र जागून देतच असतो.