खाऱ्या हवेतला गालिचा

घरातल्या नव्या गालिच्याची निगा दोन गोष्टींवर ठरते. तो कशाचा विणला आहे, आणि तो कुठे अंथरला आहे. वसई-विरारमध्ये दुसरी गोष्ट पहिलीला भारी पडते. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला उल्हास नदीच्या मुखाची वसईची खाडी आणि मधल्या सखल पट्ट्यात मिठागरं, अशा जागी हवा वर्षातले बरेच महिने दमटच असते. गालिच्यासोबत येणारी सूचनापत्रकं धुळीला पहिला शत्रू मानतात. इथे पहिला शत्रू ओल आहे, धूळ त्यानंतर.

निगा सुरू होते ती गालिचा ओळखण्यापासून, कारण दुकानदार ‘वुलन’ म्हणेल ते लोकरीचंच असेल असं नाही. गालिचा उलटून पाहावा. पुढची नक्षी मागेही स्पष्ट दिसत असेल आणि गाठींच्या बारीक ओळी हाताला लागत असतील, तर तो हाताने गाठी मारून विणलेला. भदोहीच्या ज्या गालिच्यांना 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या घराण्यातले. मागे जाड कापडाचं अस्तर डिंकासारख्या थराने चिकटवलेलं असेल, तर तो टफ्टेड; लव कापडात नुसती टोचलेली असते आणि अस्तराखालचा लॅटेक्सचा थर तिला धरून ठेवतो. बाजारात स्वस्तात मिळतात ते बहुतेक यंत्रावर विणलेले, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे.

धागा ओळखायला सुटलेल्या लवेतला एक तंतू चिमट्यात धरून जाळून पाहावा. लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिप्रॉपिलीन वितळून त्याचा कडक मणी होतो. कागद जळल्यासारखा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोस. ‘बांबू सिल्क’ वा ‘आर्ट सिल्क’ या नावाने विकला जाणारा चकचकीत गालिचा बहुधा व्हिस्कोसचा असतो. हा धागा ओला झाला की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि डाग पुसताना लव कायमची दबते. दमट किनाऱ्यावर त्याच्यासारखी वाईट खरेदी दुसरी नाही. ताग दिसायला छान आणि स्वस्त, पण पाणी सांडलं की तपकिरी पडतो. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत ओलावा पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. हा तिचा गुण आहे आणि जुलै महिन्यात तोच अवगुणही. पॉलिप्रॉपिलीन पाणी जवळजवळ शोषतच नाही, तेल मात्र धरून ठेवतं.

नव्या गालिच्याला सुरुवातीला वास येतो. तो मुख्यतः मागच्या लॅटेक्सचा असतो. खिडक्या उघड्या ठेवून, पंखा लावून गालिचा दोन-तीन दिवस पसरून ठेवला की बराचसा जातो. त्यावर अत्तर किंवा रूम फ्रेशनर फवारल्याने वासात वासाची भर पडते, इतकंच. लोकरीचा गालिचा पहिले काही महिने लव सोडतो. कापलेल्या लवेतले आखूड तंतू सुटून वर येत असतात आणि हळूहळू ते थांबतं, त्यामुळे घाबरून गालिचा परत करायची गरज नसते. एखादा धागा इतरांपेक्षा उंच दिसला तर तो ओढू नये, कात्रीने लवेच्या पातळीला कापावा. वळकटीमुळे कडा वर राहत असतील तर गालिचा उलट बाजूने थोडा वेळ गुंडाळून ठेवावा, मग पसरून कडांवर वजन ठेवावं.

अंथरण्यापूर्वी खालची फरशी तपासणं इकडे फार महत्त्वाचं. वसई गाव, आगाशी, अर्नाळा भागातल्या जुन्या बैठ्या घरांत आणि इमारतींच्या तळमजल्यावर जमिनीतली ओल फरशीतून वर चढते. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीला चिकटवावा आणि रात्रभर, निदान 16 तास, तसाच ठेवावा. खालच्या बाजूला पाण्याचे थेंब जमले किंवा फरशी काळपट दिसली, तर त्या खोलीत गालिचा कायमचा ठेवू नये. भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं कार्पेट तर या भागात तळमजल्यावर घालूच नये. ते उचलता येत नाही, आणि जे उचलता येत नाही ते वाळवताही येत नाही. कोरड्या फरशीवरसुद्धा गालिच्याखाली जाळीदार पॅड टाकावं. त्यामुळे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर गालिचा घसरत नाही आणि खाली थोडी हवा खेळते.

रोजची निगा थोडक्यात सांगता येते. चपला दाराबाहेर, कारण राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावरून पायाला चिकटून आलेली वाळू लवेच्या मुळाशी बसते आणि पावलागणिक धागा कापत राहते. आठवड्यातून एक-दोनदा व्हॅक्युम क्लीनर, लवेच्या दिशेने. फिरता ब्रश असेल तर लांब लवेच्या वा फाशांच्या गालिच्यावर तो बंद ठेवावा. गोंड्यांवरून व्हॅक्युम फिरवू नये, ते आत ओढले जाऊन तुटतात. सहा महिन्यांनी गालिचा अर्धा फिरवून घालावा, म्हणजे ऊन आणि वर्दळ सगळीकडे सारखी वाटली जाते. गॅलरीच्या कठड्यावर टाकून काठीने बडवण्याची जुनी सवय टफ्टेड गालिच्याला मानवत नाही, त्याचं अस्तर सुटतं.

डागांबाबत नियम एकच, टिपावं, घासू नये. पांढरं सुती कापड डागावर दाबावं, कडेकडून मध्याकडे यावं आणि कापड बदलत राहावं. चहासाठी साधं पाणी आणि थेंबभर सौम्य साबण पुरतो. लोकरीवर कपड्यांची पावडर वापरू नये, कारण अनेक पावडरींत प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात आणि लोकर हे प्रथिनच आहे. ब्लीच तर लोकर अक्षरशः विरघळवतं.

हळदीचा डाग वेगळा. माशाचं कालवण सांडलं की हात आधी साबणाकडे जातो आणि पिवळा डाग लालभडक होतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू करायच्या जुन्या रीतीमागे हेच रसायन आहे. खायच्या सोड्यानेही रंग फिरतो. तेव्हा हळद पडल्यावर सुकं सगळं चमच्याने उचलून घ्यावं, आधी साध्या गार पाण्याने टिपावं. डाग लाल झालाच असेल तर पांढरं व्हिनेगर चारपट पाण्यात मिसळून लावावं, तो पुन्हा पिवळा होतो. उरलेला पिवळेपणा उन्हावर सोडावा. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. दोन-तीन दिवस डागाचा भाग उन्हात ठेवला की तो फिका पडत जातो. कुठलाही द्रव आधी कोपऱ्यात लावून गालिच्याचा रंग सुटत नाही ना, हे पाहावं.

सणांचे डागही ठरलेले. रांगोळी सांडली तर पाणी लावू नये, कोरडीच व्हॅक्युमने ओढावी. पणतीचं तेल सांडलं तर त्यावर कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम पावडर पसरावी आणि काही तासांनी ओढून घ्यावी. नाताळात मेणबत्तीचं मेण गळलं तर बर्फाने कडक करून बोथट सुरीने खरवडावं. टिपकागद ठेवून इस्त्री फिरवायचा उपाय लोकरीवर मंद आचेत चालतो, पॉलिप्रॉपिलीनवर नाही; ते 165 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि सुती कापडाची इस्त्री त्याहून गरम असते. फुलबाजीची जळकी तारही त्यात भोक पाडते. लोकर तेवढ्याने फक्त करपते आणि करपलेली टोकं कात्रीने काढता येतात. घरगुती वाइन सांडली की तिच्यावर मीठ टाकायचा सल्ला हमखास मिळतो. तो इथे पाळू नये. लवेत उरलेलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि ती जागा चिवड्यासारखी सादळते. बोअरचं पाणी खारट असेल तर तेही याच कारणासाठी टाळावं.

पावसाळ्यात गालिचा उचलून ठेवणं हाच खरा उपाय. मुंबई परिसरात मोसमी पावसाच्या आगमनाची सरासरी तारीख 11 जून आणि माघारीची 8 ऑक्टोबर धरली जाते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, कडक ऊन असताना गालिचा सोसायटीच्या गच्चीवर दोन्ही बाजूंनी तापवावा. लोकरीला लागणारी कसर अंधाऱ्या, दबलेल्या जागी अंडी घालते. तिच्या अळ्यांना ऊन सोसत नाही, म्हणून मागची बाजूही तापली पाहिजे. मग सावलीत थंड होऊ द्यावा आणि पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावा. घडी घालू नये, लॅटेक्सला घडीवर भेगा पडतात. वरून जुन्या सुती चादरीचं वेष्टन करावं. प्लास्टिकमध्ये बांधला तर आतली ओल आतच कोंडते आणि ऑक्टोबरात वळकटी सोडताच बुरशीचा वास येतो. जागा पोटमाळ्याची किंवा कपाटावरची, भिंतीला न टेकलेली. डांबरगोळ्या कापडात बांधून, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. कडुलिंबाच्या पाल्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. गालिचा अंथरलेलाच ठेवायचा असेल, तर खोलीत एसी रोज काही तास ड्राय मोडवर चालवावा आणि आठवड्याला कडा उचलून खाली पाहावं.

तळमजल्यावर राहणाऱ्यांनी मे अखेरीस गालिचा वर न चढवणं म्हणजे जुगार आहे. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपाऱ्यात रूळ पाण्याखाली जाऊन लोकल थांबल्या, मिठागरांतली माणसं अडकली, घरांत पाणी शिरलं आणि वीजही गेली. वीज नसेल तर पंखा नाही, व्हॅक्युम नाही. ओल्या गालिच्यात बुरशी धरायला मात्र 24 ते 48 तास पुरतात. नळाचं स्वच्छ पाणी सांडून भिजलेला गालिचा त्या मुदतीत उचलून, उभा टांगून, वाऱ्यावर वाळवला तर वाचतो. गटाराचं पाणी मिसळलेल्या पुरात बुडालेल्या गालिच्याचं तसं नाही. हाताने विणलेला, किमती लोकरीचा असेल तर जाणकार धुलाईवाल्याकडे लगेच द्यावा आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत घेऊ नये. टफ्टेड किंवा यंत्रावरचा असेल तर तो आणि त्याखालचं पॅड टाकूनच द्यावं. ज्या घरात दर दोन-चार पावसाळ्यांत पाणी येतं, तिथे धुऊन वाळणारी सुती सतरंजी गालिच्यापेक्षा शहाणपणाची.