आधी सूर्य, मग बर्फ, शेवटी देवमासे

३ डिसेंबर १९८३ रोजी ‘फिनपोलारिस’ नावाचं फिनलंडचं जहाज गोव्याहून दक्षिणेला निघालं. भारताची ही तिसरी अंटार्क्टिका मोहीम होती आणि डॉ. हर्ष गुप्ता तिचे नेते होते. या मोहिमेत पहिल्यांदाच दोन भारतीय स्त्रिया होत्या. एक भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि दुसऱ्या सागरशास्त्रज्ञ अदिती पंत. अदितीताई म्हणजे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांची नात, मुत्सद्दी अप्पासाहेब पंतांची मुलगी. आपलं कुंडल गाव त्याच औंध संस्थानातलं. कुंडल रोड स्टेशनाजवळचा ओसाड माळ लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये दिला तो याच भवानरावांनी. त्यावर पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली. सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या या कोरड्या मुलखातल्या संस्थानाची लेक पृथ्वीच्या टोकावरच्या समुद्राचा अभ्यास करायला गेली, ही गोष्ट कुंडलच्या प्रत्येक शाळेत सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

पण आज लिहायचं आहे ते त्या तारखेबद्दल. जहाज डिसेंबरच्या सुरुवातीलाच का निघालं? त्याआधीची पहिली मोहीमही ६ डिसेंबर १९८१ रोजीच गोव्याहून निघाली होती. आता सांगली-पुण्याकडची मंडळीही पैसे साठवून बर्फाच्या समुद्रात क्रूझने जायची स्वप्नं बघतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, “कधी जावं?” मोहिमेची तारीख ज्या हिशोबातून निघते, त्यातूनच या प्रश्नाचंही उत्तर मिळतं. हा हिशोब फार सुंदर आहे.

सुरुवात सूर्यापासून करू. कुंडलला जूनमधला सगळ्यात मोठा दिवस आणि डिसेंबरमधला सगळ्यात लहान दिवस यांत जेमतेम दोन तासांचा फरक पडतो. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर, ७० अंश दक्षिणेला, नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. तो क्षितिजाभोवती गोल फिरत राहतो. याहून थक्क करणारी गोष्ट पुढे आहे. २१-२२ डिसेंबरला दक्षिण ध्रुवावरच्या वातावरणाच्या माथ्यावर चोवीस तासांत जेवढी सूर्याची ऊर्जा पोचते, तेवढी कुंडलवर वर्षातल्या कुठल्याच दिवशी पोचत नाही, भर मे महिन्यातसुद्धा नाही. सूर्य तिरपा असतो खरा, पण तो चोवीस तास असतो, आणि पृथ्वीही त्या सुमाराला सूर्याच्या सगळ्यात जवळ आलेली असते.

मग तिथला बर्फ का टिकतो? कारण ताजा बर्फ आलेल्या प्रकाशातला ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग आल्या पावली परत पाठवतो. उरलेल्या उष्णतेने समुद्रावरचा बर्फ वितळतो खरा, पण त्याला वेळ लागतो. म्हणून सूर्याचा कळस डिसेंबरात असला तरी समुद्रावर बर्फ सगळ्यात कमी दिसतो तो फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, पूर्ण दोन महिने उशिरा. सप्टेंबरमध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र सुमारे एक कोटी ८५ लाख चौरस किलोमीटर गोठलेला असतो. भारताच्या क्षेत्रफळाच्या साडेपाच पट! फेब्रुवारीत उरतो तो साधारण एका भारताएवढा. दर वर्षी एवढा मोठा प्रदेश समुद्रावर तयार होतो आणि नाहीसा होतो. पृथ्वीवर वर्षाच्या चक्रात होणाऱ्या बदलांमध्ये याच्या तोडीचे बदल थोडेच आहेत. गेल्या काही वर्षांत मात्र हा बर्फ आटतो आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेला आणि उपग्रहांच्या नोंदींतला तोवरचा नीचांक झाला.

आता मोहिमेची तारीख उलगडते. खारं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं, आणि मार्च सरता सरता समुद्र पुन्हा गोठायला लागतो. त्याआधी जहाज बाहेर पडलं पाहिजे. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी हे कामाचे महिने. त्यातून प्रवासाचे दिवस वजा केले की डिसेंबरचा पहिला आठवडा येतो. निघायची तारीख परतीच्या तारखेवरून मागे मोजत ठरते. तिसऱ्या मोहिमेने त्याच एका उन्हाळ्यात ‘दक्षिण गंगोत्री’ हे भारताचं पहिलं तिथलं केंद्र उभारलं. मार्चमध्ये जहाज परत फिरलं तेव्हा बारा जण मागे राहिले, हिवाळा काढायला. कर्नल सत्यस्वरूप शर्मा त्यांचे प्रमुख होते. समुद्र पुन्हा मोकळा होईपर्यंत त्यांना घरी परतणं शक्य नव्हतं.

सूर्यामागून बर्फ आणि बर्फामागून जीवसृष्टी. हा तिसरा टप्पा अदितीताईंच्या अभ्यासाचा. पुणे विद्यापीठातून पदवी घेतल्यावर ॲलिस्टर हार्डी यांचं ‘द ओपन सी’ हे पुस्तक त्यांच्या हाती पडलं आणि त्या समुद्राकडे वळल्या. हवाई विद्यापीठात एम.एस. आणि लंडनच्या वेस्टफिल्ड कॉलेजात समुद्री शैवालांवर पीएच.डी. करून त्या गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत आल्या. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या या हिरव्या वनस्पतींवरच ध्रुवीय समुद्राचा सगळा संसार चालतो. हिवाळ्यात त्या बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटून तग धरतात. बर्फ वितळला की गोड्या पाण्याचा पातळ थर वर तरंगतो, त्या थरात त्या उजेडाजवळ राहतात आणि भराभर वाढतात. त्यांच्यावर क्रिल जगतं. क्रिल म्हणजे कोळंबीसारखा बोटभर जीव. क्रिलवर पेंग्विन, सील आणि देवमासे पोसतात. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात पिल्लं घालून हजारो किलोमीटर पोहत आलेले कुबडे देवमासे इथे उन्हाळाभर चरतात, आणि पाहणाऱ्यांना ते सगळ्यात जास्त भेटतात फेब्रुवारी-मार्चमध्ये.

म्हणून दक्षिणेच्या क्रूझसाठी ‘सर्वांत चांगला महिना’ असा नसतोच. द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. आगाप छाटणी केली तर भाव मिळतो पण पावसाची आणि डाउनी रोगाची धास्ती, उशिरा केली तर बाग निर्धास्त पण बाजारात गर्दी. इथेही तसंच. नोव्हेंबरमध्ये बर्फ कोरा करकरीत असतो, पाऊल न पडलेला. हिमनगांचे आकार ठाशीव असतात, पेंग्विन नर चोचीत खडे आणून घरटी रचत असतात. पण बर्फ दाट असल्याने जहाज फार दक्षिणेला जाऊ शकत नाही आणि देवमासे थोडेच असतात. डिसेंबरअखेर ते जानेवारी रात्र जवळजवळ नसते, अंड्यांतून पिल्लं बाहेर येतात, आणि अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर पारा शून्याच्या चार अंश वर-खाली असतो. आपल्याकडचे लोक ज्या थंडीला घाबरतात ती बहुतेक त्यांच्या कल्पनेतच असते. याच काळात गर्दी आणि भाडं सगळ्यात जास्त. फेब्रुवारीत घरट्यांच्या जागा चिखलाने आणि विष्ठेने माखलेल्या असतात, वास नाकात बसतो, पण समुद्र मोकळा असतो, ध्रुववृत्त ओलांडता येतं आणि देवमासे शेजारून जातात. कधीही गेलं तरी एका ठिकाणी एका वेळी शंभरांहून जास्त माणसं उतरत नाहीत. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून तर कोणालाच उतरवलं जात नाही. महिन्याइतकीच जहाजाच्या आकाराचीही चौकशी करावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

सम्राट पेंग्विन या सगळ्यांहून न्यारा. त्याची मादी अंडं घालते ती हिवाळा सुरू होताना, मे-जूनमध्ये, गोठलेल्या समुद्रावर. मादी समुद्राकडे जाते आणि नर दोन महिन्यांहून जास्त काळ, उपाशीपोटी, अंधारात, वादळात, अंडं पायांवर तोलून उभा राहतो. हा वेडेपणा वाटतो, पण उलट मोजून पाहा. पिल्लू एवढं मोठं असतं की वाढायला पाच-सहा महिने घेतं. डिसेंबर-जानेवारीत समुद्र मोकळा आणि अन्नाने भरलेला असताना ते स्वतः पोहायला तयार हवं, तर अंडं हिवाळ्यातच घालावं लागतं. मोहिमेच्या जहाजासारखाच हाही शेवटाकडून मागे मोजतो. लाखो वर्षांच्या निवडीतून हा हिशोब त्याच्या रक्तात उतरला आहे.

महिना बरोबर निवडला म्हणजे सगळं जमलं असं मात्र नाही. ध्रुवीय प्रवासी शॅकल्टनचं ‘एन्ड्युरन्स’ जहाज वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलं ते जानेवारी १९१५ मध्ये, भर उन्हाळ्यात. त्या समुद्रात बर्फ चक्राकार फिरतो आणि एका बाजूला दाटतो. २०१३ च्या नाताळात ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे शास्त्रज्ञ आणि पर्यटकांना घेऊन गेलेलं रशियन जहाज असंच रुतलं. वाऱ्याने जुना बर्फ त्याच्याभोवती रेटला होता. शेवटी ५२ जणांना एका चिनी जहाजाच्या हेलिकॉप्टरने उचलून न्यावं लागलं.

उत्तरेला चित्र साफ बदलतं. दक्षिण गंगोत्री ७० अंश दक्षिणेला होतं, तर नॉर्वेचं ट्रॉम्सो शहर साधारण तितक्याच अंशांवर उत्तरेला आहे. पण ट्रॉम्सोचं बंदर ऐन जानेवारीतही गोठत नाही! अटलांटिकमधला उबदार प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याला शेकत असतो. त्यामुळे किनाऱ्याने वर जाणारी ‘हुर्टिग्रुटेन’ बोटसेवा १८९३ पासून वर्षभर धावते आहे. तिथे तारीख बर्फावरून ठरवायची नसते, उजेडावरून ठरवायची असते. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ट्रॉम्सोत मध्यरात्रीही सूर्य दिसतो, म्हणून ध्रुवीय प्रकाश तेव्हा दिसणारच नाही. तो हवा असेल तर सप्टेंबर ते मार्च. त्यातही सप्टेंबरअखेर आणि मार्च हे उत्तम, कारण संपाताच्या सुमारास पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सूर्याच्या वाऱ्याला जास्त वाट देतं. अलास्काचा हंगाम मे ते सप्टेंबर, तिथल्या सामन माशांच्या झुंडी आणि त्यांच्यामागची अस्वलं बघायची तर जुलै-ऑगस्ट.

कुंडलकरांची खरी अडचण निराळीच आहे. अंटार्क्टिकाचा सगळा हंगाम, नोव्हेंबर ते मार्च, द्राक्षाच्या हंगामावर तंतोतंत बसतो. बाग सोडून कोण जाणार? अशा घरांनी एप्रिलची खरड छाटणी उरकली, फुटव्यांची विरळणी झाली की मेअखेरीस नॉर्वे गाठावं. तेव्हा डोंगरांवरचा बर्फ वितळून फ्योर्डांचे धबधबे भरून वाहतात आणि मुलांच्या शाळेलाही सुट्टी असते. बागेचा पाश नसलेल्यांना माझं उत्तर एकच: फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, छोटं जहाज, दक्षिण. चिखल आणि वास सोसावा. अदितीताईंनी ज्या सूक्ष्म वनस्पतींचा अभ्यास केला, त्यांच्यापासून देवमाशापर्यंतची अख्खी साखळी त्या पंधरवड्यात एकाच पाण्यात नांदत असते.