‘हातकणंगले’मध्ये अक्षरं किती?

आजचा प्रश्न सोपा वाटेल. ‘हातकणंगले’मध्ये अक्षरं किती? हा-त-क-णं-ग-ले. बोटांवर मोजली तर ६. पण पायथॉनला विचारा, तो म्हणतो ९! कारण युनिकोडमध्ये काना, मात्रा, अनुस्वार या प्रत्येकाला वेगळा क्रमांक असतो. यूटीएफ-८मध्ये साठवलं, की प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे एकूण २७.

आता समजा, कुणी फॉर्ममध्ये गावाच्या नावाला ८ची मर्यादा घातली. शेवटची मात्रा उडाली, गाव झालं ‘हातकणंगल’! असं नाव दाखल्यावर छापून आलं, तर दुरुस्तीसाठी हेलपाटे आपल्यालाच.

म्हणून कोड लिहिताना ग्राफीम मोजा, म्हणजे डोळ्यांना दिसणारं पूर्ण अक्षर. जावास्क्रिप्टमधलं ‘इंटल.सेगमेंटर’ इथे बरोबर ६ सांगतं. आणि टेस्टिंगला नुसतं इंग्रजी नाव नको, आपल्या गावाचं मराठी नाव टाकून बघा.