ढवळायचं नाही

हाताने विणलेला स्वेटर रंगवताना आटला, की दोष गरम पाण्यावर जातो. मला हा आरोप अर्धवट वाटतो. लोकरीच्या तंतूवर कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले असतात आणि त्यांचा रोख टोकाकडे असतो. ओल्या, गरम लोकरीला हिसके बसले, की तंतू एकाच दिशेला सरकतात, एकमेकांत अडकतात आणि परत मागे येत नाहीत. काश्मीरचा नमदा याच गुणावर तयार होतो; तिथे लोकर साबणाच्या पाण्याने मुद्दाम दाबतात, रगडतात. नमदा करणाऱ्याला जे हवं, तेच स्वेटर रंगवणाऱ्याला टाळायचं असतं. खरा गुन्हेगार हात आहे, आणि त्याच्या जोडीला पाण्याच्या तापमानातला अचानक बदल.

मग थंड पाण्यातच का रंगवू नये? कारण थंड पाण्यात आम्लरंग, म्हणजे आंबट पाण्यात लोकरीवर बसणारा रंग, तंतूच्या आत शिरत नाही आणि पहिल्याच धुण्यात निघून जातो. पाणी ८५ अंशांच्या आसपास न्यावंच लागतं आणि तिथे अर्धा तास टिकवावं लागतं. मात्र त्या ८५ अंशांपर्यंत मंद आचेवर पाऊण तासाने पोचायचं. न ढवळता रंग सारखा कसा बसेल, ही शंका रास्त आहे. त्यासाठीची मेहनत आधी करायची: रंग गरम पाण्यात विरघळवून, फडक्यातून गाळून मोठ्या पातेल्यातल्या कोमट पाण्यात मिसळायचा आणि मग त्यात पूर्ण भिजवलेला स्वेटर सोडायचा. व्हिनेगर नंतर, स्वेटर कडेला सारून, थोडं थोडं. सुती कपड्यांच्या सवयीने सोडा मात्र घालू नये. लोकरीला तो सोसत नाही. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारं सूत पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असतं, त्यावर हा रंग चढतच नाही. एक धागा जाळून पाहावा: खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, अ‍ॅक्रिलिक वितळून त्याची कडक गाठ होते.

सगळ्यात नाजूक वेळ शेवटी येते. व्हिनेगरच्या आंबट वाफेत ओल्या मेंढीचा वास मिसळलेला असतो, गडद लाल पाणी निवळत जातं आणि पातेल्याचा तळ दिसू लागतो. रंग लोकरीत गेला. आता स्वेटर उचलून नळाखाली धरावासा वाटतो, आणि महिनाभर बसून घातलेले टाके तिथेच आकसतात. आच बंद करून तो त्याच पाण्यात रात्रभर निवू द्यावा. सकाळी न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबावा आणि सावलीत, चटईवर, बाह्या मापाला सरळ करून पसरावा.