मालवाहू पिकअपचे सस्पेन्शन : भार, धक्के आणि प्रवासाची गुणवत्ता

ग्रामीण भारताच्या अर्थव्यवस्थेत लहान मालवाहू वाहनाचे स्थान गेल्या दोन दशकांत झपाट्याने बदलले. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेमुळे बारमाही रस्ते खेड्यांपर्यंत पोहोचले. २००५ मध्ये ‘टाटा एस’ बाजारात आल्यानंतर एक टनाच्या आतील चारचाकी मालवाहतुकीला मोठी चालना मिळाली. बैलगाडी आणि मोठा ट्रक यांच्यामधील पोकळी आज पिकअप आणि छोटे टेम्पो भरून काढत आहेत. टोमॅटो, दूध, अंडी, खते, सिमेंट असा सर्व प्रकारचा माल याच वाहनांतून जातो. मात्र या वाहनांत बसणारे धक्के हा केवळ चालकाच्या सोयीचा प्रश्न नाही. नाशवंत मालाची हानी, चालकाचे आरोग्य आणि रस्त्यांचे आयुष्य हे तीनही विषय त्याच्याशी जोडलेले आहेत.

प्रश्नाचे मूळ

पिकअप वाहन जाताना भरलेले आणि परतताना बहुधा रिकामे असते. प्रवासी मोटारीत एकटा चालक असो वा पाच जण असोत, एकूण वजनात फार मोठा फरक पडत नाही. पिकअपच्या मागील आसावरील भार मात्र रिकाम्या अवस्थेच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. दोन्ही अवस्थांत काम करावे लागते ते एकाच स्प्रिंगला.

रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार स्प्रिंगचे दबणे भाराच्या प्रमाणात असते. स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तुमानाची नैसर्गिक कंपनवारंवारता ही ताठरतेला वस्तुमानाने भागून येणाऱ्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. उदाहरणादाखल, मागील दोन्ही स्प्रिंगांची एकत्रित ताठरता दर मिलिमीटरला १२० न्यूटन आहे असे मानू. रिकाम्या वाहनात त्यांच्यावर ५०० किलोग्रॅम भार असेल, तर कंपनवारंवारता सुमारे २.५ हर्ट्झ येते. भार १,७०० किलोग्रॅम झाला की ती सुमारे १.३ हर्ट्झपर्यंत उतरते. चालण्याच्या लयीशी जुळणारी १ ते १.५ हर्ट्झची हालचाल माणसाला सुखावह वाटते. भरलेली पिकअप संथ चालते आणि रिकामी पिकअप उसळते, याचे कारण या साध्या गणितात आहे.

माणसाचे शरीर उभ्या दिशेतील सुमारे ४ ते ८ हर्ट्झच्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २६३१ मध्ये संपूर्ण शरीराला बसणाऱ्या कंपनांच्या मोजणीची पद्धत दिलेली आहे. युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामासाठी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही उपाययोजना सुरू करण्याची पातळी आणि १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही कमाल मर्यादा ठरवली. दीर्घकाळच्या अशा कंपनांचा संबंध कंबरदुखीशी आणि मणक्याच्या विकारांशी जोडला जातो.

पाट्यांची रचना

बहुतेक पिकअप वाहनांच्या मागील बाजूस पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग असते. कारागीर तिला ‘पाटे’ म्हणतात. कमी-अधिक लांबीचे पाटे एकावर एक रचून मध्यभागी यू-बोल्टने आसाला आवळलेले असतात. सर्वांत लांब पाट्याचे एक टोक चासीला खिळीने, तर दुसरे टोक हलत्या शॅकलने जोडलेले असते. ही रचना स्वस्त आणि मजबूत असून कोणत्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होते. भार पेलण्याबरोबरच आसाला जागेवर धरून ठेवण्याचे कामही पाटेच करतात.

तिची मर्यादा घर्षणात आहे. पाटे एकमेकांवर घासतात. रस्त्यावरील बारीक खडबडीतपणामुळे निर्माण होणारे बल हे घर्षण ओलांडू शकले नाही, तर स्प्रिंग हलतच नाही आणि धक्का थेट चासीत जातो. धूळ आणि गंज साचला की हा दोष वाढतो. यावर उपाय म्हणून पाट्यांच्या टोकांशी कमी घर्षणाच्या प्लॅस्टिकच्या चकत्या बसवतात.

पॅराबोलिक पाट्यांत हा दोष मुळातच कमी असतो. त्यांची जाडी मध्यापासून टोकाकडे ठरावीक वक्ररेषेने कमी होत जाते. त्यामुळे ताण संपूर्ण लांबीवर जवळपास समान वाटला जातो आणि कमी पाट्यांत तेवढाच भार पेलता येतो. पाटे फक्त मध्याशी आणि टोकांशी एकमेकांना टेकतात. परिणामी वजन आणि घर्षण दोन्ही घटतात.

धक्काशोषकाचे कार्य

स्प्रिंग ऊर्जा साठवते. ती नष्ट करत नाही. धक्काशोषक नसेल तर एका खड्ड्यानंतर वाहन बराच वेळ हिंदकळत राहील. धक्काशोषकात दट्ट्या तेलाला बारीक छिद्रांतून ढकलतो आणि गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. अवमंदन फार कमी असेल तर चाक रस्त्यावरून उचलले जाते, फार जास्त असेल तर धक्का तसाच वर पोहोचतो. गळती झालेला धक्काशोषक वाहनाचे नियंत्रण आणि ब्रेक लागण्याचे अंतर दोन्ही बिघडवतो. म्हणून तो एका आसावर नेहमी जोडीनेच बदलतात.

सुधारणेचा क्रम

प्रवासाची गुणवत्ता सुधारताना सर्वांत कमी खर्चाच्या उपायापासून आरंभ करणे श्रेयस्कर ठरते. पहिला उपाय टायरमधील हवेचा. उत्पादक रिकाम्या व भरलेल्या वाहनासाठी वेगवेगळा दाब देत असल्यास तो पाळल्याने रिकाम्या फेरीतील धक्के कमी होतात. त्यानंतर झिजलेले रबरी बुश, अडकलेले शॅकल आणि ढिले यू-बोल्ट तपासावेत. तिसरी पायरी धक्काशोषकांची आणि चौथी पाट्यांची.

पाट्यांच्या बाबतीत दुहेरी ताठरतेची रचना उपयुक्त ठरते. मुख्य पाटे मऊ ठेवून त्यांच्याजवळ ‘हेल्पर’ पाटे बसवतात. भार वाढून मुख्य पाटे ठरावीक प्रमाणात दबल्यावरच हेल्पर पाटे कामाला लागतात. हवेच्या स्प्रिंगमध्ये भारानुसार दाब बदलता येतो, त्यामुळे कंपनवारंवारता जवळपास स्थिर राहते. परंतु खर्च आणि देखभाल वाढते. अमेरिकेत ‘रॅम १५००’ या पिकअपने २००९ च्या मॉडेलमध्ये मागील पाट्यांऐवजी गुंडाळीची स्प्रिंग स्वीकारली. तेथे पिकअपचा वापर मोठ्या प्रमाणावर कौटुंबिक वाहन म्हणून होतो, हे लक्षात घ्यावे लागेल.

याउलट, जादा पाटा टाकून ‘गाडी मजबूत करण्याची’ पद्धत भारतात सर्वत्र आढळते. समान जाडीच्या पाच पाट्यांत सहावा घातला की ताठरता सुमारे २० टक्क्यांनी वाढते. वरील उदाहरणात रिकाम्या वाहनाची कंपनवारंवारता २.५ वरून २.७ हर्ट्झवर जाते. आस, बेअरिंग, टायर आणि ब्रेक मात्र पूर्वीच्याच क्षमतेचे राहतात. अनेक पिकअपमध्ये मागील ब्रेकचा दाब ठरवणारी झडप आस आणि चासी यांतील अंतरावर चालते. पाटे वाढवून हे अंतर बदलले की झडपेला भाराचा चुकीचा अंदाज मिळतो आणि ब्रेकचे संतुलन ढळते. पाटा काढून टाकणेही तितकेच धोक्याचे, कारण उरलेल्या पाट्यांवरील ताण वाढतो.

कायदा आणि रस्ता

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. कलम ११३ वजनाच्या मर्यादांविषयी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ अन्वये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक अतिरिक्त टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

या तरतुदींमागे शास्त्रीय आधार आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ताचाचणीतून असे दिसले, की रस्त्याची झीज आसभाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे आसावरील भार २० टक्क्यांनी वाढल्यास झीज दुपटीहून थोडी अधिक होते. खराब झालेला रस्ता पुन्हा वाहनाला धक्के देतो आणि हे दुष्टचक्र चालू राहते. गतिरोधकांचेही असेच आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच गोलाकार गतिरोधक सुचवला होता. तेवढ्याच उंचीचा पण अरुंद उंचवटा बांधला, तर कमी वेगातही मालाला जोराचा आदळा बसतो.

समारोप

भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियाना येथील ‘सिफेट’ संस्थेच्या २०१५ च्या अभ्यासात काढणीपासून पुढील टप्प्यांत फळांची ६.७० ते १५.८८ टक्के आणि भाज्यांची ४.५८ ते १२.४४ टक्के हानी नोंदवली गेली. ही सर्व हानी धक्क्यांमुळे होत नाही. हाताळणी, साठवण आणि तापमान यांचाही त्यात वाटा आहे. तरीही शेतापासून बाजारापर्यंतचा पहिला टप्पा बहुधा पिकअपमधूनच पार पडतो. या टप्प्यावर टायरमधील योग्य हवा, चांगले धक्काशोषक, सुस्थितीतील पाटे आणि मंजूर मर्यादेतील भार या चार गोष्टी मोठ्या गुंतवणुकीशिवाय साधता येतात. रस्तेबांधणीवर होणाऱ्या सार्वजनिक खर्चाचा पूर्ण लाभ शेतकऱ्याच्या पदरात पडण्यासाठी रस्त्यावरील वाहनाच्या स्थितीकडेही तेवढेच लक्ष पुरवणे आवश्यक आहे.